आधी नमुना पुरेसा हवा : गुदमार्गाच्या पेशीतपासणीचा माझा अनुभव

योनिमुखाच्या कडेला आलेल्या एका पांढुरक्या चट्ट्याच्या बायोप्सीत उच्च श्रेणीचे कर्करोगपूर्व बदल निघाले आणि शस्त्रक्रियेने तो भाग काढून टाकण्यात आला. जखम भरल्यानंतरच्या तपासणीत माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी सांगितले की, आता गुदमार्गाच्या पेशींचीही तपासणी करून घ्या. मी स्वतः पुण्यातील एका प्रयोगशाळेच्या सायटोलॉजी, म्हणजे पेशीतपासणीच्या, विभागात तंत्रज्ञ आहे. गर्भाशयमुखाचे पॅप स्मिअर रंगवण्यात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्यातच माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. गुदमार्गाचे नमुने आमच्याकडे तुरळक येतात आणि जे येतात त्यांतले बरेचसे एचआयव्हीबाधित पुरुषांचे असतात. ही तपासणी मला ठाऊक होती ती स्लाइडपासून पुढे. त्याआधी रुग्णाच्या बाजूला काय घडते हे मी पाहिलेले नव्हते. नमुना देणारी म्हणून त्यातून गेल्यावर जे लक्षात आले ते लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण या तपासणीचा सगळा भरवसा नमुना घेण्याच्या अर्ध्या-एक मिनिटावर आहे आणि त्याविषयी संकोचापोटी कोणी बोलत नसल्यामुळेच नमुने वाया जातात.

मला ही तपासणी का सांगितली गेली, हे आधी सांगते, कारण घरात आणि ओळखीच्या डॉक्टरांतही पहिला प्रश्न तोच आला. गुदमार्गाच्या बहुतेक कर्करोगांमागे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस (एचपीव्ही) असतो, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे असतो तोच विषाणू, आणि त्याच्या अनेक प्रकारांपैकी 16 क्रमांकाचा प्रकार इथे सर्वांत जास्त घातक ठरतो. योनिमुख, गर्भाशयमुख आणि गुदमार्ग हे एकमेकांच्या शेजारचे भाग आहेत आणि एका ठिकाणी विषाणूने बदल घडवले असतील तर शेजारी घडण्याची शक्यता वाढते. त्यासाठी गुदमार्गे लैंगिक संबंध आलेला असलाच पाहिजे असे मुळीच नाही. गुदमार्गाच्या कर्करोगपूर्व बदलांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जानेवारी 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत पुरुषांशी संबंध ठेवणारे एचआयव्हीबाधित पुरुष आणि एचआयव्हीबाधित ट्रान्स स्त्रिया यांनी वयाच्या 35 पासून, इतर एचआयव्हीबाधितांनी 45 पासून, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी प्रत्यारोपणानंतर 10 वर्षांनी आणि योनिमुखाचा कर्करोग किंवा उच्च श्रेणीचा कर्करोगपूर्व बदल निघालेल्या स्त्रियांनी निदानापासून वर्षभराच्या आत ही तपासणी करावी, असे म्हटले आहे. मी शेवटच्या गटातली. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी आहे, गुदमार्गाची नाही. त्यामुळे हे सगळे ज्याचे त्याने शोधून, विचारून करावे लागते.

पहिला नमुना मी घराजवळच्या एका दवाखान्यात दिला. तिथले डॉक्टर वयाने आणि अनुभवाने मोठे होते, मूळव्याध आणि भगेंद्राचे रुग्ण रोज पाहणारे. त्यांनी मला कुशीवर झोपायला सांगितले, हातमोज्यावर भरपूर जेली घेऊन बोटाने तपासणी केली आणि मग लाकडी काडीचा कापसाचा बोळा आत घालून लगेच बाहेर काढला. मी अंग आवळून घेतले होते, त्यांनी पाहिले नाहीसे केले, परिचारिका भिंतीकडे बघत उभी होती. सगळे काही इतक्या चटकन उरकले की, मला वाईट वाटू नये यासाठीच ती घाई चालली आहे, हे स्पष्ट कळत होते. बोळा पेशी टिकवणाऱ्या द्रवाच्या बाटलीत बुडवून एक-दोनदा हलवला आणि बाटलीवर नाव लिहून माझ्या हातात दिली. त्या घाईमागे दुष्ट हेतू काहीच नव्हता. तरीही त्या खोलीत जे जे घडले त्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट नमुन्याच्या विरोधात जाणारी होती.

बाटली आमच्याच प्रयोगशाळेत आली. स्वतःची स्लाइड स्वतः वाचायची नाही हा आमच्याकडचा नियम आहे, म्हणून ती दुसऱ्या सहकाऱ्याने वाचली आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे गेली. रिपोर्ट तयार होऊन दवाखान्यात पोहोचल्यावर तिथल्या मदतनीस मुलीने मला फोन केला, ‘ताई, काही निघालं नाही, सगळं नॉर्मल आहे.’ रिपोर्टात तसे लिहिलेच नव्हते. पहिल्याच ओळीत नमुना तपासणीस अपुरा असल्याचे म्हटले होते, त्याखाली कारण दिले होते आणि नमुना पुन्हा घ्यावा असे सुचवले होते. विकृत पेशींचा उल्लेख कुठेच नसल्यामुळे तिने तो नॉर्मल म्हणून वाचला. मी या विभागात नसते तर त्या फोनवर विश्वास ठेवून वर्षभर निर्धास्त राहिले असते. अपुऱ्या नमुन्याचा खरा धोका इथे आहे. तो खोटे सांगत नाही, पण त्याचे न सांगणे हे उत्तर समजले जाते.

मॅडमनी मला दोन जणांना एकाच वेळी पाहता येते त्या सूक्ष्मदर्शकावर बोलावले आणि स्लाइड दाखवली. पॅपनिकोलाऊ रंगात नारिंगी-पिवळट दिसणारे केराटिनचे चपटे पापुद्रे सगळीकडे विखुरलेले होते. त्यांच्या मधोमध केंद्रक असायला हवे तिथे फिकट पोकळ खूण होती. या मेलेल्या, केंद्रक गमावलेल्या पेशी, आणि त्या गुदद्वाराबाहेरच्या त्वचेवरून निघतात. अधूनमधून जेलीचे निळसर-जांभळे ढिगारे होते, त्यांत जीवाणू अडकलेले, आणि मलातून आलेला वनस्पतीचा एखादा तंतू. केंद्रक असलेल्या निळ्या-हिरव्या स्क्वेमस, म्हणजे अस्तराच्या चपट्या, पेशी शोधाव्या लागत होत्या. कितीतरी फील्ड, म्हणजे भिंगाखाली एका वेळी दिसणारे भाग, रिकामेच सरकत होते. जिथून पेशी आणायच्या तिथपर्यंत बोळा पोहोचलाच नव्हता, हे ती स्लाइड पाहून दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

गुदमार्ग साधारण 3 ते 4 सेंटिमीटर लांब असतो. बाहेरच्या बाजूला त्वचेसारख्या स्क्वेमस पेशींचे अस्तर, आत मलाशयाकडे स्तंभाकार पेशींचे, आणि दोन्ही जिथे भेटतात तो संक्रमणाचा पट्टा. गर्भाशयमुखाप्रमाणेच इथेही विषाणूला हाच पट्टा सोपा जातो. स्वॅब या पट्ट्याच्या पलीकडे जाऊन परत आला तरच त्याला तिथल्या पेशी लागतात. गर्भाशयमुखाच्या तपासणीत डॉक्टर तो भाग डोळ्यांनी पाहून ब्रश फिरवतात. इथे नमुना न पाहता, केवळ हाताच्या अंदाजाने घेतला जातो आणि म्हणून घेणाऱ्याला पद्धत माहीत असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

किती पेशी म्हणजे पुरेशा, याचे उत्तर ठरलेले आहे. पेशीतपासणीचे रिपोर्ट ज्या बेथेस्डा पद्धतीने लिहिले जातात तिच्यात गुदमार्गाच्या नमुन्यांचा समावेश 2001 साली झाला. तिच्या 2014 च्या आवृत्तीनुसार केंद्रक असलेल्या किमान 2,000 ते 3,000 स्क्वेमस पेशी स्लाइडवर असाव्यात. गर्भाशयमुखाच्या द्रवाधारित, म्हणजे द्रवाच्या बाटलीतून आलेल्या, नमुन्यासाठी हाच आकडा 5,000 आहे. अर्थात एवढ्या पेशी कोणी मोजत बसत नाही, मोठ्या भिंगाखाली एका फील्डमध्ये सरासरी किती दिसतात त्यावरून अंदाज बांधतात. अशा द्रवातून स्लाइड बनवण्याच्या थिनप्रेप आणि शुअरपाथ या दोन पद्धती आहेत. थिनप्रेप पद्धतीत पेशींचे वर्तुळ 20 मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणून फील्डमागे 1 ते 2 पेशी पुरतात. शुअरपाथचे वर्तुळ 13 मिलिमीटरचे, तेवढ्याच पेशी लहान जागेत दाटून बसतात, म्हणून तिथे 3 ते 6 लागतात. माझ्या स्लाइडवर सरासरी काढावी अशीही परिस्थिती नव्हती. या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे: एखादी जरी निश्चित विकृत पेशी दिसली तर पेशी कितीही कमी असोत, नमुना अपुरा म्हणायचा नाही, ती विकृती कळवायची. मला हा अपवाद फार शहाणपणाचा वाटतो. पुरेपणाचा निकष ‘काही नाही’ असे म्हणण्याचा अधिकार देण्यासाठी आहे, सापडलेले झाकण्यासाठी नव्हे.

त्याच बाटलीतून एचपीव्ही चाचणीही करता येते आणि मला तीही सुचवली गेली होती. मॅडमचे म्हणणे असे पडले की, पेशीच नसलेल्या द्रवावर विषाणूची चाचणी करून निगेटिव्ह उत्तर आले तरी त्यावर विसंबता येणार नाही. मला ते पटले आणि पैसे खर्च करून अर्थहीन कागद मिळवण्यापेक्षा पुन्हा नमुना द्यायचे ठरले.

मधल्या काळात मी आमच्याकडे आलेल्या गुदमार्गाच्या नमुन्यांचे जुने रिपोर्ट आणि स्लाइड परवानगी घेऊन पुन्हा पाहिल्या. अपुऱ्या नमुन्यांमागची कारणे तीच तीच होती: बाहेरच्या त्वचेचे पापुद्रे, मल, जेली. विभागात आजवर अशा स्लाइडकडे पाहताना आम्ही ‘सॅम्पल चांगलं नाही’ म्हणून पुढे सरकत असू. आता त्या प्रत्येक स्लाइडमागे कुशीवर झोपलेला, अंग आवळलेला एक माणूस आणि लवकर सुटका व्हावी असे वाटणारा दुसरा माणूस मला दिसू लागला. रुग्णाला विचारायची लाज, डॉक्टरांना समजावून सांगायची लाज, आणि दोघांच्या लाजेची भरपाई घाईने केली जाते. आदल्या दिवशी काय पाळावे हे मला कोणी सांगितले नव्हते, कारण ते सांगायचे तर एनिमा, संबंध असे शब्द उच्चारावे लागतात. माझ्या मते चांगल्या नमुन्यातला पहिला अडथळा तांत्रिक नाही, तो हा न बोलण्याचा आहे.

दुसरा नमुना मी एका शल्यविशारद डॉक्टरांकडे दिला. त्या या भागाची हाय रेझोल्यूशन अ‍ॅनोस्कोपी, म्हणजे भिंगातून केली जाणारी बारकाईची तपासणी, करतात. ही तपासणी करणारे डॉक्टर आपल्याकडे मोजकेच असल्याने वेळ मिळायला थांबावे लागले. त्यांनी फोनवरच सूचना दिल्या: आदले 24 तास एनिमा किंवा पिचकारीने धुणे नाही, गुदमार्गे संबंध नाही, आत कोणतेही मलम, जेली, सपोझिटरी नाही. शौच नेहमीसारखे होऊ द्यायचे, बाहेरून नेहमीसारखी स्वच्छता करायची. पोट अगदी साफ करून जावे असे मला आतून वाटत होते आणि बहुतेकांना तेच वाटत असणार, पण धुण्याने हव्या त्याच सुट्या पेशी वाहून जातात.

टेबलावर झोपवण्याआधी त्यांनी मला खुर्चीत बसवून स्वॅब हातात दिला. पॉलिएस्टरचे टोक, प्लास्टिकची काडी. कापसात पेशी अडकून राहतात, बाटलीत सुटत नाहीत, आणि लाकडी काडी मोडू शकते, म्हणून लाकडी काडीचा कापसाचा बोळा वापरायचा नाही, असे त्या म्हणाल्या. काडीवर मोडण्यासाठी खाच पाडलेली नाही हेही त्यांनी दाखवले, कारण खाच असेल तर दाबाने ती आतच तुटण्याची भीती असते. मग काय काय होणार हे क्रमाने सांगितले. ‘मी मध्येच थांबणार नाही, साधारण अर्धा ते एक मिनिट लागेल. दुखलं तर सांगा, पण लवकर आटपा असं म्हणू नका,’ असे त्या हसून पण निक्षून म्हणाल्या. त्या एका वाक्याने माझा निम्मा ताण गेला, कारण किती वेळ सहन करायचे आहे याला हद्द मिळाली.

डाव्या कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घेतले. त्यांनी स्वॅब जेलीऐवजी साध्या पाण्याने ओला केला. बोटाची तपासणी त्यांनी मुद्दाम नंतर ठेवली होती, जेलीचा थर आधी बसू नये म्हणून. डाव्या हाताने त्वचा बाजूला ताणून धरली, जेणेकरून टोक बाहेरच्या त्वचेला घासत जाणार नाही, आणि मला हलकेच कुंथायला सांगितले. कुंथल्याने स्नायू सैलावतो हे मला ऐकून माहीत होते, तेव्हा प्रत्यक्ष जाणवले. आत जाताना एकदा अडल्यासारखे झाले, तेव्हा जोर न लावता त्यांनी दिशा थोडी बदलली. साधारण 4 ते 5 सेंटिमीटर आत, मलाशयाच्या भिंतीला टोक लागेपर्यंत, आणि मग परतीचा प्रवास. भिंतीवर चांगला दाब देत, गोल गोल फिरवत, अगदी सावकाश. दाब इतका होता की बाहेरून काडी किंचित वाकलेली असणार. दुखले म्हणता येणार नाही. खरखरीत, नकोसे, पण सहन होण्यासारखे होते. बाहेर येताच स्वॅब थेट बाटलीत गेला. त्यांनी तो द्रवात जोरजोरात घुसळला, बाटलीच्या कडेला दाबून दाबून पेशी सोडवल्या आणि मगच टाकून दिला. बाटलीवर नाव, तारीख, आणि फॉर्मवर माझ्या योनिमुखाच्या आधीच्या निदानाची नोंद केली. ही नोंद वाचणाऱ्याला फार उपयोगी पडते आणि आमच्याकडे येणारे निम्मे फॉर्म या रकान्यात कोरे असतात, हे मी तंत्रज्ञ म्हणून आवर्जून सांगते.

दुसरी स्लाइड पाहिली तेव्हा पार्श्वभूमी स्वच्छ होती, अगदी निर्मळ नव्हे, कारण गुदमार्गाच्या नमुन्यात थोडे जीवाणू आणि थोडा मल असणारच, पण पेशी झाकल्या जात नव्हत्या. केंद्रक असलेल्या स्क्वेमस पेशी फील्डमागून फील्ड मिळत होत्या. मधूनच मधमाशीच्या पोळ्यासारखी रचना असलेले स्तंभाकार पेशींचे पुंजके दिसत होते आणि दाट हिरवट पेशीद्रवाच्या मेटाप्लास्टिक, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणाऱ्या, पेशीही. याचा अर्थ स्वॅब संक्रमणाच्या पट्ट्यापलीकडे जाऊन आला होता. या पेशी दिसल्या नाहीत तरी नमुना केवळ त्या कारणाने अपुरा ठरत नाही, फक्त रिपोर्टात त्यांची नोंद होते. मला मात्र ती नोंद वाचणे फार मोलाचे वाटते, कारण नमुना कुठून आला याचा तोच एक पुरावा स्लाइडवर असतो.

आणि याच स्लाइडवर विकृत पेशीही होत्या. केंद्रक मोठे, गडद, कडा वेड्यावाकड्या, भोवती रिकामे वलय, काही पेशींत दोन केंद्रके. विषाणूचा हा ठसा गर्भाशयमुखाच्या स्लाइडवर मी असंख्य वेळा पाहिला आहे. रिपोर्ट कमी श्रेणीच्या बदलाचा आला. पहिल्या बाटलीच्या वेळीही हे बदल माझ्या शरीरात होतेच, फक्त ते बाटलीत आले नव्हते.

पेशीतपासणीत सौम्य किंवा संशयास्पद असा कोणताही बदल निघाला की पुढची पायरी भिंगाखालच्या तपासणीची असते, कारण पेशींची श्रेणी आणि उतीची श्रेणी जुळेलच असे नसते. पेशी अनेकदा प्रत्यक्षापेक्षा कमी सांगतात. माझ्या बाबतीत तसेच झाले. 5 टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेली गॉझ आत ठेवल्यावर संक्रमणाच्या पट्ट्यात पांढरा झालेला एक भाग दिसला, लुगोल आयोडीन लावल्यावर त्याने निरोगी स्क्वेमस अस्तरासारखा रंग घेतला नाही, आणि तिथल्या बायोप्सीत उच्च श्रेणीचा बदल निघाला. जागेवरच भूल देऊन तो भाग विद्युत उपकरणाने जाळण्यात आला. असे जाळल्याने खरोखर कर्करोग टळतो का, याचे उत्तर अमेरिकेतल्या अँकर या अभ्यासाने 2022 मध्ये दिले. 35 वर्षांवरच्या 4,446 एचआयव्हीबाधितांपैकी ज्यांच्या उच्च श्रेणीच्या बदलांवर उपचार झाले त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण नुसते लक्ष ठेवलेल्यांपेक्षा 57 टक्क्यांनी कमी होते. तो अभ्यास माझ्यासारख्या स्त्रियांवर झालेला नाही, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले आणि तरीही उपचार का करावा असे त्यांना वाटते तेही सांगितले. निर्णय मी घेतला.

कामावर परतल्यावर मॅडमशी बोलून आम्ही नमुना घेणाऱ्यांसाठी एक पानी मराठी सूचनापत्रक तयार केले. ते आता बाटलीबरोबरच जाते. कोणता स्वॅब, पाण्याने ओला करणे, बोटाची तपासणी नंतर, किती आत, किती वेळ, बाटलीत किती घुसळायचे, आणि रुग्णाला आदल्या दिवशी सांगायच्या गोष्टी सरळ शब्दांत. अपुऱ्या नमुन्याचा रिपोर्ट देताना पहिली ओळ ठळक छापायला सुरुवात केली आहे आणि तिच्याखाली ‘हा रिपोर्ट नॉर्मल नाही, नमुना पुन्हा घ्यावा’ असे मराठीत लिहितो. अपुरेपणाचे कारणही नेमके लिहितो, कारण ‘पेशी कमी’ एवढेच म्हटले तर घेणाऱ्याला पुढच्या वेळी काय बदलायचे ते कळत नाही. ‘बहुतांश बाहेरच्या त्वचेच्या पेशी’ म्हटले की, स्वॅब आणखी आत न्यायचा हे त्याला समजते. ज्येष्ठ सहकाऱ्यांपैकी एकांचा याला विरोध होता. प्रयोगशाळेने डॉक्टरांना शिकवू नये, असे ते म्हणाले. मला ते पटत नाही. नमुन्याचा दर्जा पाहण्याची जागा फक्त आमच्याकडे आहे, आम्ही सांगितले नाही तर तो दवाखान्यात कोणालाही दिसत नाही.

उपचारानंतर लगेच नमुना घ्यायचा नसतो. भरून येणाऱ्या जागेच्या पेशी मोठ्या केंद्रकाच्या दिसतात आणि वाचणाऱ्याला फसवू शकतात. म्हणून माझी पुढची तपासणी सहा महिन्यांनी ठरली आणि ती परवा झाली. क्रम तोच होता: आधी पाण्याने ओला केलेला स्वॅब, मग बोटाची तपासणी, मग भिंग. भिंगाखाली जागा भरलेली दिसली. बाटली विभागात आली आहे, फॉर्मवर आधीच्या दोन्ही निदानांची आणि उपचाराच्या तारखेची नोंद आहे, आणि स्लाइड या आठवड्यात वाचली जाईल.